एक्सप्रेसचा उजवा पाय

"कुणाचा तरी उजवा पाय घासतोय," मॅडम म्हणाल्या, आणि पाचही जणांनी मान खाली घालून आपापल्या पायांकडे पाहिलं. जसं काही पाय स्वतःच पुढे येऊन कबूल करणार होते.

मॅडम कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसल्या होत्या. समोर कार्पेटची लांबलचक पट्टी अंथरलेली, आणि हातातली बॅटरी त्यांनी जमिनीला टेकेल इतकी आडवी धरलेली. उजेड वरून पडला तर कार्पेट गप्प बसतं, आडवा पडला की सगळं सांगून टाकतं. हिरव्या लवेतून दोन फिकट रेघा गेलेल्या दिसत होत्या, एक या कडेला, एक त्या कडेला.

"जाताना भिंतीकडून, येताना इकडून. म्हणजे पाय एकच, आणि तो उजवा," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी एकेकाला वेगळं चालवून बघते. आज लवकर घरी जा."

रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईने पदर सारखा केला. सगळे तिला एक्सप्रेस म्हणत. ती पुढे असली की मागच्यांना वेळापत्रकाची काळजी नसे, म्हणून. साडीच्या आत उजव्या गुडघ्याला सकाळी आवळून बांधलेला पट्टा आत्ता तिला चटका दिल्यासारखा जाणवला. घासणारा पाय कुणाचा, हे त्या कॉरिडॉरमध्ये तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं काम सांगितलं की लोक आधी हसत. तिला चालायचा पगार मिळत असे. कारखान्यांतून नवी कार्पेटं या प्रयोगशाळेत येत, आणि घरात ती किती टिकतील हे इथे ठरत असे. शेजारच्या खोलीत एक मोठा लोखंडी ढोल होता. त्याच्या आत कार्पेट गुंडाळून लावायचं, रबरी खूर असलेला एक जड गोळा आत सोडायचा आणि ढोल फिरवत ठेवायचा. दिवसभर धडामधुडूम चाले. पण चांगल्या कार्पेटांचे मालक तेवढ्यावर भागवत नसत. त्यांचं म्हणणं, घरात माणसं चालतात, ढोल नाही. म्हणून मग ही पाचजण. एकामागे एक, एका चालीने, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळायचं ते पट्टी संपल्यावर, फळीवर. मध्ये थांबायचं नाही, रेंगाळायचं नाही, पाय घासायचा तर नाहीच नाही. पट्टी चालून पुरी झाली की तिचा तुकडा कापून कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवत. मग तीन जाणकार येत, एकेकटे वाकून बघत आणि एकमेकांशी अक्षर न बोलता आपापला आकडा सांगत. त्या आकड्यांवरून कार्पेटच्या पाठीला चित्र लागे. पलंगाचं, सोफ्याचं किंवा जिन्याचं. पलंग म्हणजे नाजूक, निजायच्या खोलीपुरतं. जिना म्हणजे त्यावर कुणीही कितीही धावा.

एक्सप्रेस इथे आली होती झाडलोटीचं काम मागायला. तेव्हाच्या साहेबांनी तिला कॉरिडॉरमधून येताना पाहिलं आणि झाडूऐवजी बूट हातात दिले. म्हणाले, बाई, तुमची चाल फार छान आहे. आयुष्यात तिला आईने, सासूने, शिक्षकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं. त्या दिवसापासून ती जी पुढे चालू लागली ती अजून चालतच होती. तिच्या पायांखालून किती घरांचे जिने गेले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण दुकानाच्या काचेमागे जिन्याचं चित्र असलेलं कार्पेट दिसलं की ती नवऱ्याला कोपराने ढोसायची. "हे माझं," म्हणायची.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघत बसला होता. घड्याळं दुरुस्त करणं हा त्याचा धंदाही होता आणि छंदही. भिंतीवर लोकांची घड्याळं टांगलेली असत, आणि त्यातली कुठलीही दोन कधी एक वेळ सांगत नसत.

"आज लवकर?" त्याने वर न बघताच विचारलं.

"मॅडमना कळलंय. कुणाचा ते नाही कळलं, पण उद्या कळेल."

त्याने भिंग काढलं. "गुडघा?"

ती चमकली. "तुम्हाला कुणी सांगितलं गुडघ्याचं?"

"अगं, रोज जिना चढून येतेस. मी इथे बसून काय ऐकतो दिवसभर? तुझा टिक बरोबर येतो, टॉक उशिरा येतोय. केव्हापासूनचा येतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पट्टा लपवून बांधतेस. म्हटलं, एवढी खटपट करतेय बाई, तिचा हिरमोड कशाला करा."

तिला हसूही आलं आणि रागही आला. तिने चपला काढून फेकल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत तरातरा चालून दाखवलं. "आता सांगा. डोळे मिटा आणि सांगा."

तो डोळे मिटून बसला. ती गेली, आली, पुन्हा गेली.

"आता टॉक वेळेवर आहे," तो म्हणाला. "पण टिक घाबरलाय."

"नीट ऐका हो!"

"नीटच ऐकतोय. तू उजवा सांभाळायला जातेस आणि डावा गोंधळतो."

तिने पुन्हा चालून बघितलं. टाच आधी टेकवून बघितली, मग चवडा. श्वास धरून, श्वास सोडून. एकदा तर इतकी ताठ चालली की नवऱ्याने परेडला सलाम ठोकावा तसा कपाळाला हात लावला, आणि मग दोघंही पोट धरून हसत सुटली. हसता हसता ती खाली बसली, आणि बसल्यावर तिचा चेहरा उतरला.

"मला घरी नाही बसायचं हो," ती म्हणाली. "तुम्ही आहात, घड्याळं आहेत, सगळं कबूल. पण तिथे माझ्या मागे चारजण असतात. दिवसभर बडबड चालते. आमची ती रेडिओ तिच्या जावांचं सांगते, पोस्टमनकाका पत्रांच्या गमती सांगतात. मला त्याशिवाय करमणार नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा करमत नाही मला."

"माहितीये. सुट्टीच्या दिवशी तू मला रांगेत उभं करायचंच काय ते बाकी ठेवतेस."

"चेष्टा नको."

"बरं, नाही करत." तो तिच्याजवळ खाली येऊन बसला. हाडं कुरकुरली त्याचीही. "पट्टा घट्ट बांधून, दात आवळून उद्या निभावेल तुझं. एक दिवस कुणालाही निभावतं. करणार आहेस का तसं?"

तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "ते हिरवं कार्पेट चांगलं आहे हो. मी पायानं सांगते. जिन्याचं आहे ते. आणि माझ्या त्या दोन रेघांपायी त्याला सोफा मिळायचा, नाहीतर पलंग. कुणीतरी मन लावून विणलंय ते."

नवऱ्याने उठून चहा टाकला. रात्री तिने उद्यासाठी पट्टा उशाशी ठेवला तेव्हा तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल ती त्याच्यावर मनापासून खूश झाली.

सकाळी कॉरिडॉरच्या टोकाला मॅडमनी राखाडी मखमली कार्पेटचा तुकडा अंथरला होता. यावर पाऊल पडलं की ते तसंच उमटून राहतं, आणि हाताने लव फिरवली की पुसलं जातं. मॅडम फळीवर बसल्या. एक्सप्रेसला वाटलं, आपल्यालाच पहिलं बोलावतील. पण त्यांनी मागून सुरुवात केली.

रांगेतला शेवटचा होता नवरदेव. त्याचं लग्न होऊन बरेच दिवस झाले होते, पण तो अजून त्याच चेहऱ्याने हिंडायचा, म्हणून ते नाव. तो पट्टीवर आला आणि उजवा पाय असा फरफटत घेऊन गेला, की पायाला बेडी आहे असं वाटावं. एक्सप्रेस बघतच राहिली. काल संध्याकाळपर्यंत हा पोरगा हरणासारखा चालत होता.

"काय झालं पायाला?" मॅडमनी विचारलं.

"दुखतोय," तो म्हणाला आणि लाजला.

मग रेडिओ आली. तिने तोंड उघडलं की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. "माझा तर जन्मापासूनच घासतो, मॅडम. आई म्हणायची, ही पोर चालली की चपलेचा जीव जातो. आमच्या धाकट्या जाऊबाई तर..." असं बोलत बोलत तिने उजवा पाय घासत नेला, येताना विसरून नीट चालली, आणि आठवल्यावर शेवटच्या दोन पावलांत आणखी जोर लावून घासला.

एक्सप्रेसच्या ध्यानात यायला लागलं. तिने मागे वळून पोस्टमनकाकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिचकावले आणि पट्टीवर पाऊल ठेवलं. हयातभर सायकल मारून पत्रं वाटलेला माणूस. त्यांनी मोठ्या निष्ठेने पाय घासला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हा डावा आहे."

"उजवा आहे."

"तुम्ही आत्ता जो घासलात तो डावा."

काकांनी खाली पाहिलं. पायांची खात्री करून घेतली. "दोन्ही घासतात," ते ठामपणे म्हणाले. "आलटूनपालटून."

मॅडमनी तोंडासमोर रुमाल धरला. खोकला आला असावा असं त्यांनी दाखवलं.

आता नर्सबाई. इस्पितळात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. बोलणं कमी, नजर तिखट. रांगेत त्या नेहमी एक्सप्रेसच्या मागे असत. त्या पट्टीवरून गेल्या आणि आल्या, आणि एक्सप्रेसच्या अंगावर काटा आला. बाकीच्यांनी नाटक केलं होतं, नर्सबाईंनी हुबेहूब तिचा गुडघा उचलून आपल्या पायात घातला होता. तोच थोडा ताठरपणा, पाऊल उचलताना तोच अर्धा क्षण उशीर, टाच टेकण्याआधी चवड्याचं तेच हलकं घासणं. राखाडी लवेवर तंतोतंत त्याच रेघा उमटल्या.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" एक्सप्रेसने दबक्या आवाजात विचारलं.

"मागून चालते मी तुझ्या," नर्सबाई म्हणाल्या. "मला दुसरं काय दिसतं? या सगळ्यांना काल बसस्टॉपवर मीच सांगितलं. गप्प राहा. पट्टा बांधलायस ना? मग नीट चाल. सगळे घासतायत आणि तू एकटी नीट, म्हणजे तुझ्यावर कुणी बोट ठेवायला नको."

एक्सप्रेसला गहिवरून आलं. आपल्यासाठी कुणी इतकं मूर्खासारखं वागावं, याहून मोठं भाग्य तिला त्या घटकेला सुचेना. मॅडमनी हाताने लव फिरवून तुकडा कोरा केला होता. समोर राखाडी पट्टी स्वच्छ पडली होती.

पट्टा खरोखरच घट्ट होता, चालून दाखवता आलं असतं. तिने क्षणभर चौघांकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून वाकली, साडीच्या आत हात घालून पट्टा सोडला आणि गुंडाळून पिशवीत ठेवला.

"अगं ए," नर्सबाई पुटपुटल्या.

ती चालली. पूर्वी चालायची तशी नाही, आता चालते तशी. उजवा पाय जरा मागे राहिला, जरा घासला, आणि तिने त्याला राहू दिलं, घासू दिलं. फळीवर वळली, परत आली. राखाडी लवेवर दोन रेघा पडल्या, एक या कडेला आणि एक त्या कडेला.

"या माझ्या," ती म्हणाली. "हिरव्यावरच्याही माझ्याच. यांना काही बोलू नका, मॅडम. यांच्यातला एकही लंगडा नाही. लंगडायलाही येत नाही कुणाला, एक नर्सबाई सोडल्या तर."

मॅडम उठून तिच्याजवळ आल्या. वयाने त्या हिच्या मुलीएवढ्या. या नोकरीवर नव्या आल्या तेव्हा लव कशी वाचायची ते त्यांनी तिच्या मागे मागे फिरून पाहिलं होतं.

"मी आधीच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "हिरवी पट्टी बाद करावी लागेल. नवी अंथरू, पहिल्यापासून चालू."

"हो."

"आणि तुम्हाला..." मॅडमनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मला नाही चालता येणार. कळतं मला. नियम मीच यांना शिकवलाय."

शेजारच्या खोलीत ढोल धडधडत राहिला. मग पोस्टमनकाकांनी घसा खाकरला.

"एक शंका होती, मॅडम. हिरवी पट्टी बाद म्हणजे पक्की बाद ना?"

"पक्की."

"म्हणजे आता तिचं काहीही झालं तरी चालेल?"

मॅडमनी विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या.

काका हिरव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर गेले आणि तिथल्या तिथे गर्रकन वळले. वर्षानुवर्षं जे करायची सक्त मनाई होती ते करून ते विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत उभे राहिले. रेडिओ किंचाळली आणि पट्टी आडवी ओलांडून गेली, परत आली, पुन्हा गेली. नवरदेवाने कोलांटी उडी मारली. नर्सबाईंनी शांतपणे बूट काढून बाजूला ठेवले आणि पट्टीवर मांडी घालून बसल्या.

"बस," त्यांनी एक्सप्रेसला फर्मावलं. "पाय लांब कर. तो गुडघा दुमडू नको."

तीही बूट काढून बसली. तळवे लवेला टेकले, आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. इतकी वर्षं कार्पेटं तुडवली, पण बुटांनी. ती मऊ असतात हे तिला माहीत होतं, साखर गोड असते हे माहीत असावं तसं. पण चाखली नव्हती. तिने बोटं लवेत रुतवली आणि पोरीसारखी हसली.

"काय गं?"

"काही नाही. छान आहे. खरंच जिन्याचं आहे."

बाकीचेही येऊन बसले. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सँडल काढून त्याही बसल्या. गोल झाला. रेडिओने जावांची गोष्ट सोडली होती तिथून उचलली, आणि एक्सप्रेसने पहिल्यांदाच ती गोष्ट सांगताना तिचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत ती या माणसांच्या पुढे चालली होती, यांचे आवाज तिच्या पाठीवर पडत आले होते. रेडिओ मोठ्या जावेचं सांगताना नाक फुगवते आणि धाकटीचं सांगताना भुवया नाचवते, हे तिला आज कळत होतं. पोस्टमनकाका गंमत सांगायच्या आधीच स्वतः हसायला लागतात. नवरदेव ऐकताना तोंड उघडं टाकतो. ती एकेकाकडे आळीपाळीने बघत राहिली, पोटभर.

"काय बघतेस अशी?" रेडिओने विचारलं.

"तुम्ही सगळे दिसायला बरे आहात की," ती म्हणाली, आणि तो गोल हसून लोळायचाच बाकी राहिला.

"आणि ऐका," ती पुढे म्हणाली, "येत्या सुट्टीला सगळ्यांनी माझ्याकडे चहाला यायचं. पण रांगेत येऊ नका. यांना वाटेल, मी कामच घरी आणलं."

"मी येऊ?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही तर याच. आणि घरात घड्याळ असेल तर घेऊन या. दुरुस्त करायला बसले की हे बरे बोलतात."

दुपारी नवी पट्टी अंथरून झाली. हिरवीच, त्याच ताग्यातली. चौघांनी बूट चढवले, नाड्या आवळल्या. एक्सप्रेसने आपले बूट पुसून फळीच्या कडेला ठेवले आणि चप्पल घातली. निरोप काही फार लांबला नाही. चौघांनाही डोळे पुसायला बूट बांधण्याचं निमित्त पुरलं.

ती बाहेर पडून इमारतीला वळसा घालून रस्त्याकडे निघाली, तेव्हा कॉरिडॉरची उंच खिडकी तिच्या शेजारी आली. ती थांबली. आतून आवाज येत नव्हता, पण चालणं सुरू झालेलं दिसत होतं. सगळ्यात पुढे नर्सबाई होत्या. त्यांनी तिला पाहिलं. थांबायला मनाई होती, म्हणून न थांबता, मान न वळवता त्यांनी फक्त हात वर केला आणि पुढे गेल्या. त्यांच्यामागे काकांचा हात वर झाला, मग रेडिओचा, मग नवरदेवाचा. रांग पलीकडे गेली, वळली, परत आली. पुन्हा हात वर झाले, एकामागून एक.

नर्सबाई जरा जास्तच भरभर चालत होत्या. पुढे चालायची सवय नव्हती त्यांना. मागचे मेटाकुटीला येत होते, नवरदेव तर जवळजवळ धावतच होता. एक्सप्रेसने काचेसमोर तळहात आडवा धरला आणि हळूच खाली दाबला. जरा दमानं.

नर्सबाईंच्या खांद्यांचा वेग कमी झाला. मागच्यांची पावलं त्यांच्या पावलांशी जुळली. रांग आणखी एकदा जाऊन येईपर्यंत तिने वाट पाहिली. चाल आता बरोबर लागली होती. मग तिने पिशवी डाव्या हातात घेतली आणि ती घराकडे निघाली, तिच्या गुडघ्याला झेपेल त्या चालीने.